साडेदहाची आरती

बडोद्यातल्या मराठी माणसाला गणपती नवा नाही. गायकवाडांच्या काळापासून इथे रुजलेल्या घरांनी दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या वाड्यांमधून तो थाटाने बसवला. माझं लहानपण मात्र शहराबाहेर गेलं, कोयलीच्या रिफायनरीला लागून असलेल्या जवाहरनगर कॉलनीत. तिथला गणपती पाळ्यांचं वेळापत्रक बघून चालायचा.

मंडळातल्या जुन्या काकांना रिफायनरीच्या तारखा तोंडपाठ होत्या आणि चतुर्थीच्या संध्याकाळच्या भाषणात त्या यायच्याच. अंकलेश्वरला १९६० मध्ये तेल लागलं, १० मे १९६३ रोजी पंडित नेहरूंनी कोयलीला पायाभरणी केली, सोव्हिएत मदतीने कारखाना उभा राहिला आणि १८ ऑक्टोबर १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी तो देशाला अर्पण केला. सुरुवातीची क्षमता वर्षाला २० लाख टन, हेही ते सांगायचे. आम्ही मुलं मोदकांकडे डोळे लावून बसलेली असायचो, तरी ते आकडे कानात बसले ते बसलेच.

क्रूड, म्हणजे कच्चं तेल, भट्टीत तापवून उंच मनोऱ्यात सोडायचं. हलके वायू आणि पेट्रोल वर निघतं, मधल्या थरांत रॉकेल आणि डिझेल, तळाशी जड तेल. हे काम सणासुदीला बंद ठेवता येत नाही. भट्टी एकदा थंड केली की सगळं पुन्हा मार्गी लागायला वेळ जातो. त्यामुळे चतुर्थी असो की अनंत चतुर्दशी, कोणाचे ना कोणाचे बाबा कामावर असायचेच.

म्हणून आमच्याकडे रात्री दोन आरत्या व्हायच्या. आठची आरती सगळ्यांची: पेटी-तबला, पोरांच्या हातात झांजा, बायकांच्या ठेवणीतल्या साड्या. दुसरी साडेदहाची, दुपारपाळी सुटून बस कॉलनीत आली की. माणसं घरी न जाता थेट मंडपाशी उतरायची. अंगावर कामाचेच कपडे, त्यांना तेलाचा वास, हातात रिकामा डबा. नळावर हातपाय धुवायचे आणि उभे राहायचे. त्यात गुजराती असत, बंगाली असत, बिहारचे असत. ‘घालीन लोटांगण’ सगळ्यांना येत होतं. शब्द थोडे इकडे-तिकडे व्हायचे, पण आवाज असा लागायचा की जवळच्या घरांतली झोपलेली मुलं उठून बसायची. मला विचाराल तर खरी आरती ती. तिच्यासाठी मोदकांचं एक पातेलं वेगळं झाकून ठेवलेलं असे आणि त्याला कोणी हात लावत नसे.

कोजागिरीला क्लबच्या मैदानावर दूध आटायचं. केशर, जायफळ, चारोळी, आणि कोणीतरी गुजराती काकू दूध-पोहेही करून आणायच्या. पलीकडे रिफायनरीच्या फ्लेअरची, म्हणजे जादा वायू जाळणाऱ्या उंच नळीची, ज्योत जळत असायची. दुधात चंद्र दिसला की नाही यावर मुलांची भांडणं व्हायची, कारण पातेल्यात कधीकधी तीच तांबूस चमकायची.

पण मंडळाचा जीव होता नाटकात. तीन अंकी नाटक, कलाकार सगळे पाळीवाले. आठवड्यागणिक पाळी बदलली की तालमीचा मेळ बसायचा नाही. त्यावर दिग्दर्शक काकांनी उपाय काढला: प्रत्येक मोठी भूमिका दोघांनी पाठ करायची. तालमीला जो हजर, तो उभा राहणार. जोडीदार एकमेकांची वाक्यं दुरुस्त करत, चहा पिताना हालचाली ठरवत. नायकाचं काम करणारा ऑपरेटर एका वर्षी प्रयोगाच्या संध्याकाळी अडकला. त्याच्या रिलीव्हरला, म्हणजे पुढच्या पाळीच्या माणसाला, ताप आला होता, आणि बदली माणूस आल्याशिवाय यंत्रांवर नजर ठेवणारं पॅनल सोडून निघता येत नाही. इकडे मंडप भरलेला. जोडीदाराने तोंडाला रंग लावला आणि पडदा वर गेला. एरवी चार लोकांत तोंड न उघडणारा तो माणूस तिसऱ्या अंकात असा काही रंगला की पुढच्या रांगेतल्या आज्या डोळे पुसत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच घरोघर फिरून सांगत होता, की आज रात्री पुन्हा प्रयोग लावा, माझ्या मित्राने दोन महिने घाम गाळलाय. मंडळाने लावला. दोन्ही रात्री बसायला जागा नव्हती, आणि दुसऱ्या रात्री विंगेत पुस्तक धरून प्रॉम्प्टिंगला आदल्या रात्रीचा नायक उभा होता.