आतल्या भिंतींसाठी जिप्समचा गिलावा स्वतः कालवताना

तयार जिप्सम गिलाव्याच्या गोणीत मुख्यत्वे तेच पांढरे चूर्ण असते, जे प्लास्टर ऑफ पॅरिस किंवा पीओपी या नावाने सुटे मिळते. उरलेले घटक वजनाने फार थोडे असतात, पण गिलावा भिंतीवर निवांत ओढता येतो तो त्यांच्यामुळेच. ते कोणते आणि कशासाठी आहेत हे समजून घेतले, तर आतल्या भिंतींचा गिलावा स्वतः कालवणे अवघड नाही. नुसते पीओपी पाण्यात कालवून भिंत गाठू पाहणाऱ्याचे घमेले मात्र दहा-पंधरा मिनिटांतच दगड होते.

खनिज जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट असून त्याच्या प्रत्येक घटकाशी पाण्याचे दोन रेणू बांधलेले असतात. साधारण १५० अंश सेल्सिअसला भाजल्यावर त्यातील तीन चतुर्थांश पाणी उडून जाते आणि जे चूर्ण उरते, ते पाणी मिळताच पुन्हा मूळचे जिप्सम होऊ पाहते. भाजताना गेलेले पाणीच घट्ट होताना परत घेतले जाते, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए याने १७६५ साली दाखवले. तर चूर्ण आधी पाण्यात विरघळते आणि मग त्या द्रावणातून सुईसारखे स्फटिक निपजून एकमेकांत अडकतात, हे पुढे ल शातलिए या दुसऱ्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने मांडले. कालवणाराने ही दुसरी गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी, कारण बाकीचे जवळपास सगळे नियम तिच्यातूनच निघतात.

स्फटिक वाढायला बीज लागते, आणि मागच्या खेपेचा वाळलेला चुरा हे सर्वांत उत्तम बीज असते. म्हणूनच घमेले, थापी आणि ढवळणी प्रत्येक खेपेनंतर स्वच्छ धुवावी लागते. कडेला चिकटलेला चिमूटभर चुरादेखील पुढचे मिश्रण वेळेआधी घट्ट करतो. फार वेळ किंवा जोरात ढवळल्यानेही नवे स्फटिक मोडून त्यांची बीजे होतात. त्यामुळे आधी पाणी घ्यावे, त्यात चूर्ण चाळल्यासारखे भुरभुरावे, ते एक-दोन मिनिटे भिजू द्यावे आणि मग गुठळ्या मोडेपर्यंतच हलकेच ढवळावे.

घट्ट होण्याचा वेळ वाढवणारा पदार्थ हाच या सगळ्या प्रकरणाचा प्राण आहे, असे माझे मत आहे. घरी वापरायला सोपे म्हणजे सायट्रिक आम्ल: एक किलो चूर्णाला अर्धा ते एक ग्रॅम, आधी पाण्यात विरघळवून. मात्रा वाढवली की वेळ मिळतो, पण ठरावीक मर्यादेपलीकडे गिलावा कमकुवत आणि भुसभुशीत होतो, त्यामुळे इथे अंदाजपंचे काम नको. ग्रॅमच्या दशांशापर्यंत मोजणारा छोटा काटा हवा. प्रत्येक गोणीचा स्वभाव वेगळा असतो, दमट हवेत पडून राहिलेल्या चूर्णाचा तर भरवसाच नसतो, म्हणून आधी वाटीभर कालवून, घड्याळ लावून, ते नखाने दबेनासे कधी होते ते पाहावे.

सायट्रिक आम्लाबरोबर शंभराला तीन-चार भाग विरवलेल्या चुन्याची भुकटी घातली, तर मिश्रण थापीखाली मऊ चालते आणि आम्लाचा परिणामही अधिक खात्रीचा होतो. मात्र चुना डोळ्यांना फार घातक आहे, तेव्हा चष्मा हवाच. भिंत विटांची आणि कोरडी असेल, तर ती गिलाव्यातील पाणी आधीच शोषून घेते. त्यावर भिंत भिजवणे हा एक उपाय आणि सेल्युलोज ईथर, म्हणजे सेल्युलोजपासून केलेली पाणी धरून ठेवणारी भुकटी, हा दुसरा. हजारी एक ते दोन भाग सेल्युलोज ईथर कोरड्या चूर्णात नीट मिसळले, तर पाणी मिश्रणातच टिकून राहते. जाड थरासाठी बारीक, धुतलेली वाळू चालते. वजन कमी हवे असेल तर पर्लाइट, म्हणजे तापवून फुगवलेल्या ज्वालामुखी काचेचे हलके दाणे, घ्यावे. सिमेंट मात्र यात कधीही मिसळू नये, कारण सिमेंट आणि जिप्सम यांतून ओलाव्यात फुगणारे स्फटिक तयार होऊन पुढे थर फुटतो.

पाण्याचे गणित मला विशेष आवडते. एक किलो चूर्णाला पुन्हा जिप्सम होण्यासाठी जेमतेम १८६ ग्रॅम पाणी पुरते, पण ते ओढण्याजोगे व्हायला ६०० ते ७०० ग्रॅम लागते. उरलेले पाणी वाळून जाते आणि त्याच्या जागी छिद्रे राहतात, त्यामुळे जितके पाणी अधिक तितका गिलावा नाजूक. नुसत्या जिप्समच्या एक सेंटिमीटर थराला चौरस मीटरमागे साधारण नऊ किलो चूर्ण लागते, म्हणजे तेवढ्याच जागेतून सुमारे चार लिटर पाणी हवेत जायचे असते. घट्ट होऊ लागलेल्या मिश्रणात वरून पाणी घालून ते सैल करण्याची सिमेंटच्या कामातली सवय इथे अजिबात चालत नाही. मोडलेले स्फटिक पुन्हा जुळत नाहीत, तो माल टाकूनच द्यावा.

सिमेंटच्या गिलाव्यासारखे नंतर पाणी मारत बसण्याची गरज नसते, उलट खिडक्या उघडून हवा खेळती ठेवावी. बाहेरच्या भिंती आणि न्हाणीघर यांसाठी हा गिलावा नाही, कारण जिप्सम पाण्यात थोडे का होईना विरघळते. उघड्या लोखंडालाही तो गंज चढवतो, म्हणून जाळी किंवा खिळे जस्त चढवलेलेच घ्यावेत. भिंत सर्वत्र एकसारखी पांढरी दिसू लागली आणि हाताला गार लागेनाशी झाली, की रंगाचा पहिला हात पातळ करून द्यावा. त्याआधी दिलेल्या रंगाचे पोपडे निघतात.