तुम्ही विचारलंत म्हणून : ताणानं पेशी मरते का?

अल्झायमरवर कुठे बोलायला उभा राहिलो की शेवटी हा प्रश्न ठरलेला: "ताणामुळे मेंदूच्या पेशी मरतात म्हणता, मग ताण घेतलाच नाही तर?" घोळ आमच्या शब्दानं घातलाय. पेशीचा ताण म्हणजे मनाची काळजी नव्हे. पेशीत आंतर्द्रव्यजालिका असते (शाळेत आकृती काढली असेल). बाहेर धाडायच्या प्रथिनांना तिथे नीट घडी पडते. घड्या बिघडून अर्धवट प्रथिनांचा ढीग साचला, की आम्ही त्याला ताण म्हणतो.

पेशी लगेच हातपाय गाळत नाही. पर्क नावाचं प्रथिन जागं होतं, प्रथिननिर्मिती सुरू करणाऱ्या एका घटकाला फॉस्फेट चिकटवतं, आणि नवं उत्पादन बरंचसं थांबतं, जणू कारखान्याला कुलूपच. आधी ढीग उपसा, मग पुढचं काम. सोय चांगली, पण घटकाभराची. ढीग हललाच नाही, तर हीच यंत्रणा चॉप नावाचं प्रथिन वाढवते आणि पेशी मरणाच्या वाटेला लागते. त्वचेची पेशी गेली तर दुसरी येते. चेतापेशीच्या जागी सहसा कुणी येत नाही. शिवाय चेतासंधी (दोन चेतापेशींमधले संदेशाचे सांधे) टिकवायला तिला ताजी प्रथिनं सतत लागतात, म्हणजे कुलूप लांबलं की तिची उपासमारच.

हे मला पटलं ते 2012 मधल्या एका प्रयोगानं. मेंदूच्या ऱ्हासावर काम करणाऱ्या संशोधक जोवाना मॅलुची यांच्या गटानं प्रायॉनबाधित (प्रायॉन म्हणजे घडी बिघडून मेंदूत पसरत जाणारं प्रथिन) उंदरांच्या मेंदूत हे कुलूप उघडलं, प्रथिननिर्मिती पुन्हा सुरू केली. चेतापेशी वाचल्या, उंदीर जास्त जगले. आणि बिघडलेलं प्रायॉन प्रथिन? ते होतं तिथेच होतं! आम्ही सगळे त्या कचऱ्यालाच खुनी धरून बसलो होतो.

यावर पुढचा प्रश्न येतोच: "मग पर्कच बंद करा की." तेही झालं. 2013 मध्ये त्याच गटानं पर्क रोखणारं औषध उंदरांना तोंडावाटे दिलं. मेंदू वाचला, पण वजन घटलं, रक्तातली साखर वाढली. कारण इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर प्रथिनांचा भार अफाट, पर्कवाचून त्यांचं चालत नाही. पर्कचं जनुक जन्मतःच बिघडलेल्या बाळांना बहुधा पहिल्या काही महिन्यांतच मधुमेह होतो.