मे महिन्यातलं ग्राफिक्स कार्ड आणि आमचं धाब्याचं घर

आमच्या चोपडा तालुक्यात मे महिन्यात पारा ४४-४५ वर जाऊन बसतो. कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर स्लॅबच्या खोलीत होता, आणि दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहा वाजताही आग ओकत असतो. त्यातलं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमचं चित्र तयार करणारा भाग, एनव्हीडिया कंपनीचं आरटीएक्स ३०६०. रेसिंग गेम सुरू केला की थोड्याच वेळात पंखे बोंबलायला लागायचे, कार्डाच्या तापमानाचा आकडा ८५ अंशांकडे सरकायचा आणि वळणावर गाडी अडखळायची. आप्पा खालून ओरडायचे, “वर गिरणी लावली का भो?”

व्हिडिओंमध्ये सगळे एकच सांगतात: ६५ ते ७५ अंश असेल तर छान. पण सांगणारा एसीत बसलाय की पत्र्याखाली, ते कोणी बोलत नाही. एनव्हीडियाने ३०६० साठी कमाल ९३ अंश दिले आहेत. पुढच्या पिढीच्या ४०६० ला ९०. म्हणजे ८५ ला कार्ड जळत नाही. पण साधारण ८३ च्या आसपास ते स्वतःच क्लॉक (काम करण्याचा वेग) उतरवून स्वतःला सांभाळतं, आणि वळणावरचं अडखळणं तिथूनच येत होतं. एएमडी या दुसऱ्या कंपनीचं कार्ड असलेल्यांनी स्क्रीनवर हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात गरम जागा) १०५ दिसला म्हणून लगेच घाबरू नये. त्यांच्या बऱ्याच कार्डांना हॉटस्पॉट ११० पर्यंत चालतो, असं कंपनीच सांगते.

गावातल्या कॉम्प्युटरवाल्याने न बघताच निदान केलं: “पेस्ट वाळली, कार्ड खोलावं लागेल.” पेस्ट म्हणजे चिप आणि तिच्यावरचा थंड करणारा धातूचा ठोकळा (हीटसिंक) यांच्यामधला लेप. कार्ड वॉरंटीत होतं, म्हणून आधी मोजायचं ठरवलं. तापमान दाखवणारं एक साधं घड्याळ टेबलावर ठेवलं, एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाचा पंखा ७० टक्क्यांवर बांधला आणि तोच गेम, तीच सेटिंग अर्धा तास चालवली. खोली ४०, कार्ड ८५. फरक ४५.

जानेवारीतले आकडे माझ्याकडे होते, कारण नवीन मशीनचं कौतुक म्हणून तेव्हा सगळं लिहून ठेवलं होतं. पंखा तेवढाच, खोली २२, कार्ड ६३. फरक ४१. हे बघितलं आणि अर्धं कोडं सुटलं. हवेवर थंड होणारं कार्ड खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही. तेवढीच वीज खाल्ली आणि पंखा तेवढाच फिरला, तर ते खोलीच्या वर साधारण तेवढंच चढतं. ८५ मधले ४० तर वैशाखाचेच होते. कार्डाच्या नावावर जास्तीचे फक्त चार.

ते चार कापसाचे निघाले. दिवाळीनंतर भाव वाढेल म्हणून कापूस घरातच भरून ठेवलेला असतो, त्याची रुई कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवर नमद्यासारखी बसली होती. जाळी धुतली, ब्रशने हीटसिंक झाडलं (पंख्याची पाती बोटाने धरून, ती फुकट फिरू देऊ नयेत), आणि फरक ४२ वर आला. जीपीयू-झेड या कार्डाचे आकडे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हॉटस्पॉट मुख्य आकड्याच्या १४ अंश वर होता. पेस्ट वाळली असती तर हे अंतर बरंच वाढलं असतं. कार्ड खोललं नाही.

खरा फरक पडला तो अंडरव्होल्टने, म्हणजे चिपला कमी व्होल्टेज देऊन. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेजची रेषा उघडते. ८५० मिलिव्होल्टला १८०० मेगाहर्ट्झ ठेवलं आणि पुढची रेषा सपाट केली. कार्ड १७० वॅटच्या जागी १२५ च्या आसपास खायला लागलं आणि फरक ३१ वर आला. त्याच ४० अंशांच्या खोलीत कार्ड ७१! फ्रेम (दर सेकंदाला दिसणारी चित्रं) कमी झाल्याचं डोळ्यांना तरी जाणवलं नाही. प्रत्येक चिपला हाच आकडा मानवेल असं नाही. गेम बंद पडला तर व्होल्टेज थोडं वाढवायचं.

कूलरचा प्रयोगही केला. आमची हवा कोरडी, त्यामुळे कूलर खोली चांगली उतरवतो. ओल्या हवेने कार्डावर पाणी धरेल ही आईची भीती मात्र खरी नाही, कारण दव थंड वस्तूवर धरतं आणि कार्ड खोलीपेक्षा गरमच असतं. पण कूलरचं तोंड थेट कॅबिनेटकडे नको. बोअरच्या खारट पाण्याचे तुषार आत गेले तर ते नक्की वाईट.

शेवटी मशीन खाली धाब्याच्या जुन्या खोलीत आणलं. जाड मातीच्या भिंती, वर लाकूड आणि माती; वर ४० असताना खाली ३४. कार्ड ६५ वर. अडचण एकच, धाब्यातून माती गळते आणि माझ्या कॅबिनेटला वरूनही जाळी आहे. टेबलाच्या वर हातभर अंतरावर जुन्या साडीचं छत बांधलंय, गरम हवा बाजूने निघून जाते. पावसाळ्याआधी आप्पा धाब्यावर खारी माती टाकतील, तेव्हा दोन दिवस मशीन पुन्हा वर न्यावं लागेल.