राहतं घर गहाण टाकायच्या आधी उधारीची यादी काढा

भोसरी-चाकणकडच्या छोट्या वर्कशॉपांचे हिशोब बघायचं माझं काम, त्यामुळे "ऑर्डर भरपूर आहे हो, पण हातात पैसा नाही" हे सारखं ऐकायला मिळतं. आणि खरंच असतं ते. स्टीलवाला फार तर पंधरा दिवस थांबतो, पोरांचा पगार आणि लाइटबिल महिन्याच्या महिन्याला, आणि पार्ट ज्या कंपनीला दिले तिचं पेमेंट 90 दिवसांनी. 2006 चा एमएसएमई कायदा सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्या म्हणतो, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याजसुद्धा आहे, पण ज्याच्याकडून पुढची ऑर्डर हवीय त्याच्याकडे व्याज मागायला कोण जाणार?

मग घरातलं सोनं निघतं, नाहीतर राहतं घर गहाण पडतं. मला हे बघवत नाही, कारण पैसा बऱ्याचदा शेडमध्येच असतो, मालाच्या आणि उधारीच्या रूपात, आणि त्यावर बँक सीसी देते, म्हणजे कॅश क्रेडिट, ठरलेल्या लिमिटपर्यंत लागेल तसा पैसा उचलायचं खातं. माल तुमच्याच ताब्यात राहतो, फक्त बँकेकडे तारण म्हणून लिहून द्यायचा, आणि व्याज जेवढे पैसे उचलले तेवढ्यावरच. (काही बँका सीसीलाही घराचे कागद मागतात, तेव्हा दोन-तीन ठिकाणी विचारा.)

आता लिमिट 60 लाखांचं मंजूर झालं म्हणजे 60 उचलता येतात असं नाही, खरा आकडा डीपीचा, म्हणजे ड्रॉइंग पॉवरचा, त्या महिन्याच्या मालावर आणि येण्यांवर जेवढं उचलता येतं त्याचा. समजा स्टॉक 40 लाखांचा, त्यातले 10 लाख सप्लायरचे द्यायचेत, राहिले 30, त्यावर 25 टक्के मार्जिन (ज्यावर बँक पैसे देत नाही तो तुमचा वाटा) गेलं की साडेबावीस. येणी 60 लाख, पण 15 लाखांची बिलं 90 दिवसांच्या वरची, ती बँक सहसा धरतच नाही, उरलेल्या 45 वर 40 टक्के मार्जिन, म्हणजे 27. एकूण साडेएकोणपन्नास. मार्जिन बँकेगणिक बदलतं पण गणित हेच. म्हणजे एका पार्टीने पेमेंट लटकवलं की तुमचं लिमिटही खाली येतं, आणि म्हणूनच बँकेला दर महिन्याला द्यायचं स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे माल आणि येण्यांची यादी, मालकाने स्वतः वाचायला हवं, अकाउंटंट पोरावर सोडून देऊ नये. गंजलेला, दोन वर्षं न हललेला माल त्यात फुगवून दाखवू नका, स्टॉक ऑडिटला बँकेचा माणूस येतो आणि शेडमध्ये फिरून बघतो.

दुसरा रस्ता ट्रेड्सचा (TReDS), म्हणजे कंपनीकडे अडकलेल्या बिलाचे पैसे बँकेकडून आधीच मिळवायच्या ऑनलाइन व्यवस्थेचा, आणि तो मला जास्त आवडतो. आरएक्सआयएल, एम1एक्सचेंज, इन्व्हॉइसमार्ट हे रिझर्व्ह बँकेच्या परवानगीचे प्लॅटफॉर्म. तुमचं बिल तिथे चढतं, कंपनीने ते मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात, आणि व्याजाचा रेट ठरतो तो कंपनीची पत बघून, तुमची नाही. छोट्या माणसाला एवढा स्वस्त पैसा एरवी मिळत नाही हो! शिवाय कंपनीने पुढे पैसे बुडवले तर बँक तुमच्या मागे लागत नाही.

2024 च्या नोव्हेंबरात सरकारने 250 कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्सवर नोंदणी सक्तीची केली, आधी ही मर्यादा 500 कोटी होती. पण नोंदणी झाली म्हणजे कंपनी तुमचं बिल मान्य करेलच असं नाही, तशी सक्ती नाहीये, आणि खरं घोडं तिथेच अडतं. त्यामुळे पुढच्या वेळी रेट ठरवायला परचेसवाल्यांसमोर बसाल ना, तेव्हा पार्टच्या भावाबरोबर हेही बोलून घ्या की बिल ट्रेड्सवर घेणार का आणि माल पोचल्यावर किती दिवसांत मान्य करणार.