तिसरं स्टेशन

पालिकेच्या अॅपवर आलेली तक्रार ‘निराकरण झाले’ म्हणून बंद करायला दोन टिचक्या पुरतात. त्या मीच मारल्या. सोबत फोटो जोडावा लागतो, तोही मीच काढला: फुटपाथवर बोल्टांची आठ भोकं, सिमेंटनं बुजवलेली, आजूबाजूला झाडू मारलेला. मुदत अठ्ठेचाळीस तासांची होती, काम छत्तीस तासांत झालं. वरिष्ठांनी ग्रुपवर अंगठा पाठवला.

त्या आठ भोकांवर एक बाक होता. आमच्या पालिकेनं बसवलेल्या शेकडो बाकांत तेवढ्या एकावरच कुणीतरी डोकं खपवलं होतं. डोकं माझं होतं, त्यामुळे हे मत थोडं पक्षपाती धरा.

मी स्थापत्य विभागात कनिष्ठ अभियंता. रस्ते, गटारं, फुटपाथ. ज्येष्ठ नागरिक हा विषय समाजविकास विभागाचा. आमच्यापर्यंत तो पोचतो तो ‘रॅम्प करून द्यावा’ एवढ्या एका ओळीत. वॉर्डात ज्येष्ठांचं विरंगुळा केंद्र आहे. तिथं दहाबारा जण येतात, तेच ते. वापर कमी म्हणून बैठक झाली आणि निदान झालं की आकर्षण कमी पडतंय. मग उघड्यावरची व्यायामयंत्रं बसली. पासष्टीपुढच्या माणसानं आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आम्ही त्याच माणसाला झुलत्या पायपट्ट्यांवर उभं केलं. आता त्यावर शाळा सुटल्यावर पोरं झोके घेतात. यंत्रांचा उपयोग होतो, नाही असं नाही.

आमची समूह संघटिका त्या बैठकीत एकच वाक्य बोलली. “जे येत नाहीत ते का येत नाहीत, हे येणाऱ्यांना विचारून कसं कळेल?” तिनं हजेरीची जुनी वही काढून आधी येणाऱ्या आणि नंतर थांबलेल्या अकरा जणांची यादी केली, घरोघर गेली आणि म्हणाली, आपण यांच्यासोबत घरापासून केंद्रापर्यंत चालत जायचं. अभियंता हवा. बाकी कुणी रिकामं नव्हतं, म्हणून मी.

अशा पाहणीची आमच्याकडची रीत सांगते. सकाळी सात वाजता, ऊन नसताना, रहदारी नसताना, ज्येष्ठांच्या मंडळाचे अध्यक्ष आणि त्यांचे ठणठणीत सहकारी यांना घेऊन फिरायचं, सह्या घ्यायच्या, फोटो काढायचा. नागरिकांशी सल्लामसलतीची सभा तर आम्ही लिफ्ट नसलेल्या दुसऱ्या मजल्यावर घेतो. जो तिथवर चढून येतो त्याला आमची गरज सगळ्यांत कमी असते. संघटिकेनं दहाची वेळ ठरवली, कारण केंद्र दहाला उघडतं.

मी मोजणीचं चाक आणि स्टॉपवॉच घेऊन गेले. अंतर 640 मीटर. नकाशा म्हणतो आठ मिनिटं. निघण्याआधी सपाट फुटपाथवर खडूनं दहा मीटरांवर दोन रेघा मारल्या आणि प्रत्येकाला नेहमीच्या चालीनं चालायला लावलं. सर्वांत वेगवान काका सेकंदाला 1.1 मीटर. सर्वांत हळू एक आजी, वय 78, हातात काठी, 0.6 मीटर.

हे आकडे कुणाला क्षुल्लक वाटतील. पण सिग्नलला पादचाऱ्यांचा हिरवा दिवा किती सेकंद ठेवायचा याचं गणित जगात बहुतेक ठिकाणी सेकंदाला 1.2 मीटर धरून होतं. अकरापैकी एकही त्यात बसत नव्हता. यात आमच्या वॉर्डाचं वेगळेपण काही नाही. इंग्लंडमध्ये 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पासष्टीपुढच्या पुरुषांची सरासरी चाल 0.9 आणि बायकांची 0.8 आली होती. केंद्राच्या वाटेतला रस्ता 14 मीटर रुंद, हिरवा दिवा 12 सेकंद. कागदावर बरोबर. आजींना लागणार होते तेवीस. त्या निम्म्यावर असतानाच गाड्या गुरगुरायला लागल्या, आणि मी, पालिकेची अधिकारी, हात आडवा करून रस्त्यात उभी राहिले. चालत्या दुचाकीवरून एकानं मला जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

(सिग्नल आमच्या अखत्यारीत नाही. तरी ते दहा मीटरांचे आकडे जोडून पत्र पाठवलं, चार महिने पाठपुरावा केला आणि 12 चे 20 सेकंद झाले. सिंगापुरात 2009 पासून ज्येष्ठांनी आपलं कार्ड खांबाला टेकवलं की हिरवा दिवा 3 ते 13 सेकंद वाढतो. आम्हाला तेवढं नको होतं, आठ सेकंद हवे होते. या सगळ्या प्रकरणात निखळ आनंदाचं एवढंच.)

पण मला सांगायचंय ते सिग्नलचं नाही, त्यानंतरच्या दोनशे मीटरांचं.

आजी चालताना थांबायच्या त्या कुठेही नाही. ठरलेल्या जागी. पहिल्यांदा विजेच्या डीपीच्या ओट्यावर टेकल्या. तिथं ‘धोका’ची पाटी आहे, कवटीसकट. मी म्हटलं, “आजी, इथं नका बसू.” त्या म्हणाल्या, “हे माझं पहिलं स्टेशन. दुसरं त्या बंद शटरची पायरी. दोन स्टेशनं घेतली की पुढचं तिसरं, मग केंद्र.” दुसऱ्या स्टेशनावर त्यांनी गुडघे चोळले, पाणी मात्र प्यायल्या नाहीत. संघटिकेनं बाटली पुढे केली तर मान हलवली. केंद्राच्या स्वच्छतागृहाला कुलूप असतं, किल्ली सचिवांकडे, सचिव साडेअकराला येतात. म्हणून घरातूनच पाणी बेताचं पिऊन निघायचं. हे अकरापैकी आठ जणींनी आणि जणांनी नंतर वेगवेगळं सांगितलं. आमच्या कुठल्याही सर्वेक्षणात हा प्रश्न नव्हता.

नाल्यापाशी आजी उभ्या राहिल्या. “हे तिसरं.”

तिथं बसायला काहीच नव्हतं. लोखंडी रेलिंग होतं, 1.1 मीटर उंचीचं, हिरव्या रंगाचं, सरळसोट.

“आधी दगडी कठडा होता,” त्या म्हणाल्या. “बसायला अगदी बेताचा. तो गेला आणि माझं येणं बंद झालं. कुणी काढला कोण जाणे.”

मी काढला. दोन वर्षांपूर्वी. कठडा गुडघ्याच्या जेमतेम वर होता, अंधारात कुणी सहज नाल्यात जाईल. प्रस्ताव माझा, अंदाजपत्रक माझं, मोजमाप पुस्तकात नोंदी माझ्या. त्या कामाची तारीफ झाली होती. कठडा बसका होता म्हणून धोक्याचा, आणि बसका होता म्हणूनच बसण्याजोगा. हे वाक्य आज सुचतंय. तेव्हा मी फक्त उंची मोजली होती.

संघटिकेला ते माहीत होतं. ती माझ्याकडे बघायचं टाळून वहीत लिहीत राहिली. मी आजींना सांगून टाकलं. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा रेलिंगकडे पाहिलं. “बरं केलंस. पोरं पडली असती.” मग, “पण मग बसायचं कुठं ते पण बघायचं होतंस.” 640 मीटरना आम्हाला एकतीस मिनिटं लागली.

बाकाचं वेड लागलं ते त्या दिवसापासून. ठेकेदाराच्या दरपत्रकातला बाक म्हणजे सिमेंटचा ठोकळा: उंची 380 मिलिमीटर, पाठ नाही, हात नाही, खाली भरीव. त्यावर आजी बसल्या असत्या, उठल्या नसत्या. उठताना माणूस आधी टाचा गुडघ्यांच्या मागे घेतो, मग पुढे झुकतो, मग रेटा देतो. खाली भरीव असेल तर टाचा मागे जातच नाहीत. म्हणून खालून मोकळा. उंची 460. हात बैठकीपासून 200 वर आणि बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत आलेले, कारण रेटा पुढून द्यावा लागतो. मागेच संपणारे हात फक्त दिसायला असतात. बैठक लाकडी पट्ट्यांची: स्टील उन्हात पोळतं, सिमेंट पाणी धरून ठेवतं. शेजारी 900 मिलिमीटर मोकळी पक्की जागा, व्हीलचेअर लावता यावी म्हणून. आणि सगळं चालण्याच्या वाटेपासून आत, म्हणजे बसणाऱ्याचे पाय अंध माणसाच्या काठीत येणार नाहीत.

मधल्या हातावरून वाद होईल असं वाटलं होतं. दोघं बसले तर दोघांनाही उठायला दोन्हीकडे आधार मिळावा, म्हणून मला तो हवा होता. साहेबांनी नकाशा पाहिला आणि खूश झाले. “हे उत्तम. कुणी आडवं होणार नाही.” मी दुरुस्ती केली नाही. मंजुरी मिळत असेल तर कारण कुणाचंही चालतं, हे मी नोकरीच्या तिसऱ्या वर्षी शिकले.

मंडळाच्या अध्यक्षांना त्यावर नावाची पाटी हवी होती. ती पाठीमागच्या बाजूला, नाल्याकडे तोंड करून बसवली. ज्येष्ठांच्या राजकारणाबद्दल कुणीतरी सविस्तर लिहायला हवं. मी नाही.

बाक बसला आणि आजी आठवड्यातून चार दिवस केंद्रात यायला लागल्या. मग त्यांच्या शेजारणी. इंग्लंडच्या मार्गदर्शिकेत दर 50 मीटरांना बसण्याची जागा सांगितली आहे. आमच्याकडे 640 मीटरांत हा एकच, तरी हजेरी दहाबारावरून बावीसवर गेली. ‘ज्येष्ठस्नेही शहर’ नावाचं प्रशिक्षण मी दोनदा केलंय. त्यात आठ पाकळ्यांचं एक फूल दाखवतात: मोकळ्या जागा, वाहतूक, घरं, सामाजिक सहभाग, आदर, नागरी सहभाग नि रोजगार, माहिती, आरोग्यसेवा. जागतिक आरोग्य संघटनेची ही मार्गदर्शिका 2007 ची, जगभरातल्या 33 शहरांतल्या ज्येष्ठांशी बोलून केलेली. फूल चांगलंच आहे. पण पाकळी सामाजिक सहभागाची आणि तिचा देठ म्हणजे नाल्याकाठचा बाक, हे मला त्या फुलात दिसलं नव्हतं.

सात महिन्यांनी तक्रार आली. बाकावर रात्री मुलं बसतात, मोठ्यानं बोलतात, मोबाइलवर गाणी लावतात. तेवीस सह्या. त्यातल्या दोन आमच्या अकरांमधल्या. त्यातही एक सर्वांत वेगवान काकांची. सेकंदाला 1.1 मीटर. त्यांचं घर बाकासमोर आहे, त्यांना झोप लागत नाही, आणि त्यांना वाटेत बसावं लागत नाही. त्यांच्यावर रागवावं असं वाटतं, पण झोप न लागणं हीसुद्धा ज्येष्ठांचीच तक्रार आहे, आणि तीही मला ऐकायची होतीच.

‘लोकसहभाग’ म्हणताना आम्ही लोक एक धरतो. तेवीस सह्यांचा कागद हाही लोकसहभागच होता, आणि आमच्या पाहणीपेक्षा नीटनेटका. बाक वापरणाऱ्यांचा कागद नव्हता, कारण बसण्यासाठी कुणी अर्ज करत नाही. अॅपवर तक्रारीची मुदत लाल दिसायला लागली. वरून फोन आला: “आधी काढा, मग बघू.” मी ‘पर्यायी जागेचा विचार करता येईल’ अशी टिपणी लिहिली, आणि काढला. त्या टिपणीचा मला काय उपयोग झाला? नोंद माझ्या बाजूनं राहिली, इतकंच.

दुसऱ्या दिवशी मी आणि संघटिका आजींच्या घरी गेलो. मी बोलायला सुरुवात केली तशी त्यांनी हात वर केला. “मुलं बसायची म्हणून काढला ना? अगं, मुलं संध्याकाळीही असायची. मी आले की उठायची. त्यातला एक मला रस्ता ओलांडून द्यायचा परत जाताना. तुम्ही दिवा वाढवलात, पण दिव्याला हात नसतो.” आणि थोड्या वेळानं, “त्या पोरांना विचारलंत का कुणी?”

संघटिकेनं माझ्याकडे पाहिलं. अकरा ज्येष्ठ, मंडळ, सोसायट्या, वाहतूक विभाग, सगळ्यांना विचारलं होतं. मुलांना नाही. ती ‘युवक’ या वेगळ्या योजनेत येतात, वेगळ्या लेखाशीर्षाखाली.

मग आम्ही विचारलं. ते नाल्यापलीकडच्या वस्तीतले, पाचसहा जण, घरात जागा नाही म्हणून बाहेर. दहानंतर बसणार नाही असं त्यांनी कबूल केलं, एकानं तर लिहून द्यायची तयारी दाखवली. ते घेऊन मी बाक परत बसवण्याचा नवा प्रस्ताव केला. तो परत आला. शेरा: ‘जागेबाबत लगतच्या रहिवाशांची ना-हरकत घेऊन सादर करावे.’ लगतचे रहिवासी म्हणजे तेच तेवीस. काकांकडे मी दोनदा जाऊन आले. ते दार उघडतात, बसायला सांगतात, सही करत नाहीत.

आजी आता दुसऱ्या स्टेशनापर्यंत येतात, शटरच्या पायरीवर बसतात आणि तिथून मागे फिरतात.

परवा दुसऱ्या कामासाठी स्टोअरमध्ये गेले होते. बाक तिथं दारापाशीच ठेवलाय, पाटी भिंतीकडे करून. त्यावर दुपारचा वॉचमन बसला होता. मला बघून दोन्ही हातांवर रेटा देत उठला. म्हणाला, “मॅडम, हा एक राहू द्या इथं. याच्यावरून उठता येतं.”