आमचा पार्किंगमधला रायगड

सहामाहीचा शेवटचा पेपर देऊन पोरं घरी आली की दप्तर टाकायच्या आधी पहिला प्रश्न असतो, आई, माती कधी आणायची? कपड्यांचं नाही, फटाक्यांचं नाही, थेट माती. आणि खरं सांगते, हा प्रश्न कानावर पडला की माझी दिवाळी सुरू होते. वर्षभर सकाळी साडेपाचला उठायचं, दोन डबे, त्यात धाकट्याला रोज भेंडी दिली तरी चालते आणि लेकीला भेंडी सोडून काहीही द्या, मग व्हॅन, मग आईंचा चहा (सासूबाईंना मी आईच म्हणते), मग माझं ऑफिस, संध्याकाळी होमवर्क, रात्री उद्याची भाजी निवडत बसायचं, हे सगळं मी मनापासून करते पण त्यात पोरांबरोबर नुसतं बसणं होत नाही. ते होतं दिवाळीच्या सुट्टीत, सोसायटीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात, कोपरापर्यंत चिखलात हात घालून.

ह्यासाठी मला एक गोष्ट सोडावी लागली ती म्हणजे सगळा फराळ घरी करायचा हट्ट. लग्न झाल्यापासून चकली, शंकरपाळे, करंज्या, अनारसे, दोन प्रकारचे लाडू, सगळं घरी झालंच पाहिजे असं माझंच मला वाटायचं, कोणी म्हणत नव्हतं. सुट्टीचे पहिले पाच दिवस सोऱ्या आणि कढई ह्यातच जायचे आणि पोरं खाली एकटी किल्ला करायची. मग एका वर्षी आईच म्हणाल्या, "अगं, चकली विकतची आणली म्हणून लक्ष्मी रुसत नाही, तू जा खाली." तेव्हापासून चकली आणि अनारसे आमच्या मागच्या गल्लीतल्या एक काकू करून देतात त्यांच्याकडून. घरी फक्त पातळ पोह्यांचा चिवडा आणि बेसनाचे लाडू, कारण बेसन मंद आचेवर भाजताना तो जो वास घरभर सुटतो तो मला पोरांच्या आठवणीत राहायला हवाय. बाकीचा वेळ किल्ल्याला.

बाहेरच्या गावांत किल्ला म्हणजे फार तर दोन दगड आणि वर एक बाहुली असं असेल पण आमच्या पुण्यात हे काम आठवडाभर चालतं. आधी दगड-विटा रचून डोंगराचा आकार करायचा, त्यावर जुनं गोणपाट चिखलात बुडवून पसरायचं म्हणजे माती ओघळत नाही, मग हाताने मातीचे थापे मारत मारत कडे करायचे. पायऱ्या आईस्क्रीमच्या चमच्याने कोरायच्या, हे आमच्या लेकीचं संशोधन. बुरुजांना गेरू. आणि उतारावर अळीव टाकायचे, अळीव ओले झाले की बुळबुळीत होतात आणि मातीला असे चिकटतात की उभ्या कड्यावरून पण पडत नाहीत, तीन-चार दिवसात बारीक हिरवी दाट पालवी येते आणि डोंगर एकदम खरा दिसायला लागतो. रोज सकाळी उठल्या उठल्या दोघं खाली पळतात, अळीव उगवले का बघायला, दात पण न घासता.

कारंजं धाकट्याच्या बाबांचं खातं. सलाईनची नवी नळी मेडिकलमधून आणायची, एक टोक जिन्याच्या कठड्यावर ठेवलेल्या बादलीत, नळी मातीखालून न्यायची आणि दुसऱ्या टोकाला निब काढलेली रिकामी रिफिल बसवायची. नळीवरची ती चाकाची कळ फिरवली की बारीकशी धार वर उडते. धाकटा दुसरीत आहे, त्याने विचारलं, अजून उंच का नाही उडत? तर बाबा काही बोलला नाही, बादली उचलून दोन पायऱ्या वर ठेवली. धार लगेच वर गेली. पोरगं अर्धा तास बादली वर-खाली करत बसलं आणि शेवटी स्वतःच येऊन मला सांगितलं, आई, बादलीतलं पाणी जिथे आहे त्याच्यावर कारंजं कधीच जात नाही. मी त्याला कितीही सांगितलं असतं तरी हे असं कळलं नसतं.

ह्या वर्षी रायगडच करायचा असं लेकीनं ठरवलं होतं. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, ११ आपल्या महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी, तेव्हा शाळेत त्यांनी ह्या किल्ल्यांची माहिती गोळा केली होती, तिच्या वाट्याला रायगड आला होता. त्यात आम्ही आधीच्या हिवाळ्यात आईंना घेऊन रायगडला जाऊन आलो होतो, रोपवे आहे म्हणून आईंना जमलं, नाहीतर गुडघ्यांमुळे त्यांनी रायगड फक्त पुस्तकात बघितला असता. आदल्या दिवशी पाचाडला जिजाऊंच्या समाधीपाशी थांबलो होतो. गडावरचा वारा आणि गारठा त्यांना सोसत नव्हता म्हणून महाराजांनी आईसाठी खाली पाचाडला वाडा बांधला. ६ जून १६७४ ला राज्याभिषेक आणि १७ जूनला जिजाऊ गेल्या, मधे फक्त अकरा दिवस. पोराचा राज्याभिषेक डोळ्यांनी बघून गेल्या असं आई म्हणाल्या आणि तिथेच बराच वेळ हात जोडून उभ्या राहिल्या. वर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर ज्यांनी गड बांधला त्यांचं नाव कोरलंय, "सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इटळकर", ते लेकीनं बोट फिरवत फिरवत वाचलं होतं आणि ते तिच्या एवढं डोक्यात बसलं की आमच्या पार्किंगमधल्या जगदीश्वराच्या पायरीवर पण तिने टाचणीने तीन अक्षरं कोरली, दोघा भावंडांची आणि खालच्या मजल्यावरच्या मित्राची आद्याक्षरं.

पण खरा जीव लागला तो हिरकणीच्या बुरुजाला. गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, लोकांच्या तोंडी किती पिढ्या चालत आलीये. गडावर दूध घालायला गेलेली गवळण, कोजागिरीचा दिवस, तिला उशीर झाला आणि संध्याकाळी दरवाजे बंद झाले, पहारेकरी सोडेनात, खाली वाडीत तान्हं बाळ, तर ती बाई जिथे तटबंदीच नव्हती अशा सरळसोट कड्यावरून अंधारात उतरून घरी गेली. महाराजांनी तिचा सत्कार केला आणि तिथे बुरुज बांधून तिचंच नाव दिलं. रायगडावर त्या बुरुजाजवळ उभं राहून खाली बघितलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. दिवसाउजेडी, हातात नवऱ्याचा हात असून.

किल्ला करताना मी ही गोष्ट परत सांगत होते आणि लेक मधेच म्हणाली, आई, तुला पण मला सोडून ऑफिसला जावं लागलं होतं ना गं? मला काही सुचेना क्षणभर. ती झाली तेव्हा बाळंतपणाची भरपगारी रजा कायद्याने १२ आठवडेच मिळायची. तीन महिन्यांची पण झाली नव्हती पूर्ण आणि मी तिला आईंच्या मांडीवर देऊन बसस्टॉपवर जाऊन उभी राहिले होते, दुपारी दूध दाटून यायचं, ऑफिसात कुठे जायला जागा नव्हती, बाथरूममध्ये जाऊन रडायचे आणि संध्याकाळी सहाला अक्षरशः पळत घरी. २०१७ मध्ये ती रजा २६ आठवड्यांची झाली आणि धाकट्याच्या वेळी मला ती मिळाली, ते सहा महिने मी कधी विसरणार नाही. त्याला घेऊन एसटीने माहेरी जाताना एका स्टँडवर पाटी दिसली होती, हिरकणी कक्ष. छोटीशी खोली, बाक, दाराला कडी. आत अजून एक बाई होती बाळाला घेऊन, आम्ही दोघी एकमेकींशी फार काही बोललो नाही, ती म्हणाली किती महिन्यांचं, मी म्हणाले पाच, बस. पण कोणीतरी ह्या खोलीला बरोबर नाव दिलंय असं तेव्हा वाटलं होतं. हे सगळं मी लेकीला पहिल्यांदाच सांगितलं, हात चिखलात असताना. सहावीतल्या मुली मोठ्या होत असतात. ती काही बोलली नाही, फक्त हिरकणीच्या बुरुजाला अजून एक थर माती लावत राहिली.

मग हिरकणी आणायची ठरलं. शनिवारवाड्याच्या आणि कसबा पेठेतल्या कुंभारवाड्याच्या बाजूला दिवाळीत मावळ्यांचे ढीग लागलेले असतात, महाराज सिंहासनावर, तोफा, भालदार, घोडेस्वार, शिवाय गावाकडची चित्रं पण, शेतकरी, विहिरीवरची बाई, भाजीवाली. त्यात डोक्यावर दुधाचा हंडा घेतलेली गवळण होती, पदर हिरवा, एक हात जरा मोडका. लेकीनं चांगल्या हाताची गवळण असून तीच घेतली. म्हणाली, ही उतरलीये कड्यावरून, खरचटणारच ना.

धनत्रयोदशीच्या रात्री पाऊस आला. ऑक्टोबरात तो येतोच हल्ली. ताडपत्री टाकली होती पण वाऱ्याने एक बाजू उडाली आणि सकाळी बघतो तर टकमक टोक धुऊन गेलेलं, बाजारपेठ सपाट, मावळे चिखलात उपडे पडलेले. धाकटा तिथेच फतकल मारून रडला. मी त्याला गप्प केलं नाही, मलाही वाईटच वाटत होतं. आई वरून काठी टेकत खाली आल्या, खुर्ची मागवली, बसल्या आणि म्हणाल्या, हिरकणीचा बुरुज उभा आहे बघ. खरंच उभा होता, लेकीनं एवढे थर दिले होते त्याला. मग सगळी बिल्डिंगच कामाला लागली, दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी उरलेल्या विटा दिल्या, दुपारपर्यंत बाजारपेठ परत उभी. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान झाल्यावर उटण्याच्या वासात, ओल्या केसांनी सगळी पोरं खाली आली आणि पणत्या लावल्या, तेव्हा ते अळवाचं... नाही, अळिवाचं गवत त्या उजेडात इतकं सुंदर दिसत होतं की मला फोटो काढायचं सुचलंच नाही.

लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज, हे दिवस सगळ्यांकडे असतात तसेच आमच्याकडे, पाहुणे, ओवाळणं, आणि भावाला फोन की तू निघालास का. ते झालं की माझा आवडता काळ येतो, दिवाळी अंकांचा. १९०९ मध्ये का. र. मित्र यांनी मासिक मनोरंजनचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही आपली परंपरा, शंभर वर्षं कधीच उलटून गेली. आई जवळच्या लायब्ररीत एकदाच पैसे भरतात आणि मग आठवड्याला दोन-दोन अंक घरी येतात, त्यांचा नंबर पहिला, मग माझा. पोरांसाठी किशोरचा अंक आम्ही विकतच घेतो, तो १९७१ पासून निघतोय, माझ्या लहानपणी आमच्या घरी यायचा आणि आता तोच माझ्या लेकाच्या हातात बघताना फार बरं वाटतं. दुपारी जेवणं झाली की आम्ही चौघं एका खोलीत, पंखा चालू, कोणी पालथं कोणी भिंतीला टेकून, तासभर कोणी कोणाशी बोलत नाही. मधेच आई एखादी ओळ मोठ्याने वाचतात. चिवड्याचा डबा फिरत असतो आणि अंकाच्या पानांना हळदीचे डाग पडतात, लायब्ररीचा असला की मी ओरडते.

आणि एक नाटक. दर दिवाळीच्या सुट्टीत एक तरी नाटक, हा मी स्वतःसाठी घालून घेतलेला नियम आहे. पोरं लहान होती तेव्हा मी चार-पाच वर्षं नाटकाला गेलेच नाही, मुलं मोठी झाल्यावर जाऊ असं म्हणत राहिले, आणि तेव्हा काय तुटत होतं ते मला कोणाला सांगता आलं नसतं. आता पोरांनाच घेऊन जाते. बालगंधर्व रंगमंदिराच्या पायऱ्या चढताना मी त्यांना सांगते की हे १९६८ मध्ये बालगंधर्वांच्या जन्मतारखेलाच, २६ जूनला सुरू झालं. धाकट्याला त्यात काही रस नसतो, त्याला मध्यंतरातला बटाटेवडा हवा असतो. पण तिसरी घंटा झाली आणि दिवे मालवत गेले की तो माझा हात धरतो घट्ट, आणि पडदा वर जाताना त्याचं तोंड उघडं राहतं. मी तेवढा वेळ स्टेजकडे नाही, त्याच्याकडेच बघत असते.

किल्ला आम्ही तुळशीचं लग्न होईपर्यंत ठेवतो. तोवर अळीव वाढून वाढून आडवे झाले होते, कारंज्याच्या नळीत माती गेली होती आणि शाळाही सुरू झाली होती. पण रोज संध्याकाळी व्हॅनमधून उतरला की धाकटा आधी किल्ल्यापाशी जायचा. मला वाटायचं पाणी घालतोय. एक दिवस ऑफिसमधून लवकर आले तर दिसलं, तो बुरुजावरची गवळण उचलून खाली डोंगराच्या पायथ्याशी, आगपेटीच्या झोपडीपाशी ठेवत होता. मी विचारलं, हे काय रे. म्हणाला, अंधार पडायच्या आत आणतो तिला रोज, सकाळी ताई परत वर ठेवते.

मावळे पेपरमध्ये गुंडाळून खोक्यात गेले, महाराजही. गवळण सध्या स्वयंपाकघरात दुधाच्या पातेल्याशेजारी आहे.