ताम कीची आई आणि जमिनीखालची माणसं

व्हिएतनामच्या सहलीत हॉय आनचे कंदील झाले, सोनेरी पूल झाला. चौथ्या दिवशी आम्ही दोघी बहिणी दा नांगहून रेल्वेने ताम कीला गेलो. साधारण सत्तर किलोमीटर. निमित्त मे थू. ‘मे’ म्हणजे आई.

न्गुयेन थी थू, जन्म १९०४. फ्रेंचांशी आणि मग अमेरिकनांशी झालेल्या लढायांत त्यांचे नऊ मुलगे, जावई आणि दोन नातवंडं गेली. शेवटचा मुलगा ३० एप्रिल १९७५ला गेला, दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडलं त्याच दिवशी. ताम कीत २०१५ साली खुल्या झालेल्या वीरमातांच्या स्मारकाला त्यांचाच चेहरा आहे. अवाढव्य काम! मला मात्र ते अंगावर आलं. दगडातली आई नुसती सोसताना दिसते. खऱ्या मे थूंनी दिएन बानच्या आपल्या बागेत पाच गुप्त भुयारं खणून लढणाऱ्यांना लपवलं होतं. वर रोजचा भात शिजतोय आणि पायाखाली माणसं श्वास रोखून बसलीत, हे दगडात कसं दाखवणार?

ते कळलं दा नांगमध्येच, के-२० या वस्तीत. मार्बल माउंटन्स या डोंगरांपासून जवळ. अमेरिकी तळाच्या शेजारी राहून इथल्या घरांनी भूमिगतांना आसरा दिला. भुयाराचं तोंड पाहिलं आणि बहीण म्हणाली, “अगं, यात आपली धान्याची कोठीसुद्धा जाणार नाही.”

दा नांगच्याच थान खे भागात मे न्यूंचा पुतळा आहे, तोही चुकवू नका. डिसेंबर १९६८मध्ये शिपायांनी घर वेढलं. भुयार कुठे, ते मे न्यूंनी सांगितलं नाही. त्यांना तिथेच गोळी घातली. आत सात जण होते.

आता कामाचं. ताम कीला सकाळीच पोचा. आम्ही भर दुपारी पोचलो, आतलं दालन जेवणाच्या सुट्टीसाठी बंद, सावलीही नाही. स्टेशनवरून ग्रॅब, म्हणजे ॲपवरची टॅक्सी, मिळते. ‘तुओंग दाई मे थू’ (Tượng đài Mẹ Thứ, म्हणजे मे थू स्मारक) असं फोनवर लिहून दाखवा, आमचे उच्चार कुणालाच कळले नाहीत. जुलै २०२५पासून क्वांग नाम प्रांत दा नांगमध्ये विलीन झालाय, त्यामुळे जुने-नवे पत्ते जुळत नाहीत. के-२०ला इंग्रजी येणारं कुणी भेटलं नाही, दुभाषा सोबत असलेला बरा.

शाकाहारींनी ‘चाय’ (chay) लिहिलेली पाटी शोधावी. तिथे चहा नाही, बिनमांसाचं जेवण मिळतं.